दार लावून घ्या! : शारदा सदन, पुणे, १८९३

१/
पंडिता रमाबाईंचे नाव आज महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. संस्कृत विदुषी, विधवांची कैवारी, केडगावच्या मुक्ती मिशनची संस्थापिका. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. या सगळ्या गौरवात त्यांचा ख्रिस्ती धर्म मात्र एखाद्या अपघातासारखा उल्लेखिला जातो. जणू विलायतेच्या हवेत जडलेला विकार. सेवा तेवढी समाजाची, श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी, अशी ही सोयीची वाटणी आहे. रमाबाईंनी स्वतः ती कधीही मान्य केली नाही आणि त्याची जबर किंमत मोजली.

२/
११ मार्च १८८९ रोजी मुंबईत, चौपाटीनजीक, शारदा सदन सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांना आसरा आणि शिक्षण देणारी ही शाळा. पैसा मुख्यतः अमेरिकेतून, बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून येई. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. सदन कोणत्याही धर्माचे शिक्षण देणार नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा स्पष्ट नियम होता. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला आले.

३/
रमाबाई पहाटे आपल्या खोलीत, आपल्या मुलीसह, प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली कुतूहलाने, काही जिव्हाळ्याने येऊन बसू लागल्या. एवढेच घडले. पण ही वार्ता बाहेर पडली आणि पुण्यात वणवा पेटला.

४/
सल्लागारांची मागणी वरवर पाहता साधी होती: प्रार्थना खुशाल करा, दार तेवढे लावून घ्या. रमाबाईंनी नकार दिला. ज्या घरात हिंदू मुलींना आपली पूजाअर्चा उघडपणे करण्याची मुभा आहे, त्या घरात गृहिणीनेच आपली प्रार्थना चोरासारखी का करावी, हा त्यांच्या नकारामागचा प्रश्न होता. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदनाशी संबंध तोडला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

५/
सल्लागारांची बाजू क्षुद्र नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. रानडे धर्मवेडे नव्हते. उलट रमाबाईंना हात देणाऱ्या थोड्या लोकांपैकी ते एक होते. त्यांचा मुद्दा विश्वासाचा होता. सदनातल्या मुली अजाण, निराधार, सर्वस्वी संस्थेवर अवलंबून. अन्न देणाऱ्या हाताचा प्रभाव पडतोच. पालकांना शब्द दिलेला आहे. तो शब्द पत्रकावर पाळून प्रत्यक्षात मोडला जात नाही ना? हा प्रश्न आजही कोणत्याही आश्रमाला विचारावा असाच आहे.

६/
पण उत्तरही सदनातच होते. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्या उघड्या दाराच्या घरात ही मुलगी राहिली, शिकली आणि ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे वादळाच्या ऐन तोंडावर, धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाली. तीच पुढची आनंदीबाई कर्वे, ऊर्फ बाया. ती हिंदूच राहिली. तिला कोणी अडवले नाही, की बाटवलेही नाही. (तिचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन ज्यांनी वाचलेले नाही, त्यांनी अवश्य वाचावे.)

७/
मग दार लावण्याची मागणी नेमकी कशासाठी? तटस्थता म्हणजे सर्वांना सारखी मोकळीक, असे सदनाचा नियम सांगत होता. सल्लागारांनी तिचा अर्थ केला तो असा: बहुसंख्यांच्या श्रद्धेने अंगणात वावरावे, कारण ती ‘चालीरीत’, दुसऱ्याच्या श्रद्धेने कडी लावून बसावे, कारण ती ‘प्रचार’. तुळशीपुढचा दिवा कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हता. गुडघे टेकलेली बाई तेवढी खुपत होती. धर्मनिरपेक्षतेच्या नावाखाली ही असमान मोजपट्टी आजही वापरली जाते आणि ती वापरणारे स्वतःला निःपक्षपाती समजतात.

८/
राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही अधिकार दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेनिस्लॉस खटल्यात प्रसाराचा अधिकार आणि दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा दावा यांत भेद केला. त्या निकालाबद्दल मतभेद असू शकतात. पण ही कडक रेघ मान्य केली तरी, आपल्या खोलीत उघड्या दाराने प्रार्थना करणारी रमाबाई रेघेच्या अलीकडेच उभी राहते.

९/
आता मूळ आक्षेप. ‘समाजकार्य थोर, पण त्यासाठी ख्रिस्ती होण्याची काय गरज होती?’

१०/
याचे उत्तर रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींकडे राहिल्या. तिथून त्यांना लंडनजवळ फुलहॅमला, ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालवलेले घर पाहायला नेण्यात आले. ज्या स्त्रियांना समाज वाटेवरून हटकतो त्यांना इथे माणसासारखे वागवतात, हे पाहून त्या चकित झाल्या. हे कशामुळे, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला: विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू.

११/
इथे थोडे थांबले पाहिजे. ही बाई पुराणे मुखोद्गत असलेली. दुष्काळात आई, वडील, बहीण गमावलेली. पुढे भाऊ आणि पतीही गेलेले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, तिला शास्त्रार्थाने कोणी सहज हरवू शकले नसते. तिचे मन वळले ते एका नैतिक प्रश्नाने: धर्मातून बाहेर फेकलेल्या स्त्रीला जवळ करणारा देव कोणता? बुद्धीची खात्री पटली ती नंतर, नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेमिया गोरे या मराठी ब्राह्मण ख्रिस्त्याचा ग्रंथ वाचून. २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा झाला.

१२/
पुढे केडगावात त्यांनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभारले. फुलहॅमचे ते घर आणि भीमाकाठच्या मुलखातले हे घर यांच्या मध्ये योहानाचा तो अध्याय आहे. तो काढून टाकला तर कृपासदनाचे कारणच उरत नाही. आजचा सुधारक घर ठेवतो, अध्याय फाडतो आणि याला विवेक म्हणतो.

१३/
दुसरा आक्षेप: हा राज्यकर्त्यांचा धर्म, त्याला मिठी मारणे म्हणजे सत्तेला शरण जाणे.

रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचणाऱ्याला हा आक्षेप हास्यास्पद वाटेल. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे वर्षानुवर्षे खटके उडाले. त्रैक्याचा सिद्धान्त चर्च सांगते म्हणून स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, असे त्यांनी विचारले. मांसाहार केला नाही. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, ही बिशपांची इच्छा त्यांना अपमानास्पद वाटली. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली ती दुसऱ्याच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका होती. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयातील व्यवस्थेवर त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली, तेव्हा गव्हर्नर सँडहर्स्ट यांचे सरकार चिडले. शरणागती अशी नसते.

१४/
‘परकीय सत्तेची सावली’ या म्हणण्याची आणखी एक परीक्षा कोकणात घेता येते. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांलगत वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंडा आणि कोर्लई यांच्या मधून समुद्राला मिळते. कोर्लईच्या गडाखाली ख्रिस्ती वस्ती आहे. तिथे आजही पोर्तुगीजमिश्रित बोली घराघरांत बोलली जाते.

पोर्तुगीज चौल-कोर्लई सोडून गेले १७४० मध्ये. पाठीशी ना गव्हर्नर, ना आरमार. रेवदंड्याच्या मठ-चर्चांचे पडके अवशेष उरले. मराठ्यांचा अंमल झाला, इंग्रज आले आणि तेही गेले. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ही श्रद्धा कोळी-शेतकऱ्यांच्या घरांत टिकली. सावली म्हणावी तर वस्तू गेल्यावर ती एवढी वर्षे मागे राहत नाही.

१५/
गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते, तिथे जबरदस्ती झाली, देवळे पाडली गेली. हे नाकारणे ख्रिस्ती माणसाला शोभणार नाही. पण त्या जुलमाचा निषेध ज्या कसोटीवर होतो ती कसोटी कोणती? विवेकावर बळजबरी करू नये, ही. तीच कसोटी १८९३ च्या पुण्याला लावायची की नाही?

१६/
ज्योतीराव फुल्यांनी ती लावली होती. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे उघड समर्थन केले. जोतीराव स्वतः ख्रिस्ती नव्हते. विचारान्ती आपला धर्म निवडणे हा एका स्त्रीचा अधिकार आहे, इतके मान्य करायला ख्रिस्ती असावे लागतही नाही.

१७/
बॉस्टनच्या मंडळाने रमाबाईंवरचा विश्वास काढून घेतला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. शतक संपता संपता केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. १८९८ नंतर संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. तटस्थतेचा करार मुदत संपल्यावर रीतसर बाजूला ठेवण्यात आला. १९०५ मध्ये तिथे आध्यात्मिक जागृतीची मोठी लाट उसळली, जिची दखल जगभरच्या चर्चच्या इतिहासात घेतली जाते. मराठी चरित्रलेखक ही पाने भराभर उलटतात.

१८/
अखेरची वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर. अल्पशिक्षित बाईला वाचता यावे, संस्कृत शब्दांनी ती बिचकू नये, हा त्यामागचा हेतू. संस्कृतवर हुकमत असलेल्या पंडितेने हे ठरवले, हे विशेष. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर पुरे झाले होते. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या बायका मुक्तीतल्याच होत्या. दुष्काळातून आणलेल्या, टाकलेल्या, विधवा. १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला.