बिडी सोडल्यावर घड्याळ का अडते?



सांगलीत हळदीचा सौदा उरकून विश्रामबागच्या थांब्यावर मिरजेच्या गाडीची वाट पाहत होतो. सोबत आमच्याकडचे एक तात्या. बिडी सोडून त्यांना तिसरा दिवस. "अर्धा तास झाला, गाडीचा पत्ता नाही!" म्हणून ते करवादले. मी घड्याळ दाखवले. बाराच मिनिटे झाली होती.

मग तात्या हळूच म्हणाले, "सकाळीबी असंच झालं. भाव पसंत नव्हता, पण थांबवेना. दिला माल देऊन."

मंडळी, तात्यांचा स्वभाव बिघडलेला नाही. शरीराला तंबाखूतले निकोटिन मिळेनासे झाले, त्याची ही ओढाताण. 2003 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सिगारेट ओढणाऱ्यांना 45 सेकंदांचा अंदाज करायला लावला. एरवी त्यांचा अंदाज इतरांसारखाच होता. एक दिवस सिगारेट तुटल्यावर मात्र तेवढाच वेळ लांबच लांब वाटू लागला. ज्याला घटका पळेना, तो उद्याच्या मोठ्या फायद्यासाठी थांबणार कसा? हातात येईल ते थोडेच त्याला बरे वाटते.

पण घाबरू नका. व्हर्मांट विद्यापीठाच्या 1999 च्या अभ्यासात, सिगारेट सोडून वर्ष उलटलेले लोक याबाबतीत कधीच न ओढणाऱ्यांसारखे निघाले. म्हणजे धीर धरण्याची ताकद व्यसन सोडलेल्या माणसातही असतेच.

कठीण असतात ते पहिले दोन-तीन आठवडे. तलफ आली की ती मनाने मोजू नका, घड्याळाने मोजा. बहुधा पाच-दहा मिनिटांत ती ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, बांधावरून फेरी मारा. त्या दिवसांत मालाचा सौदा, उसनवारी, भाऊबंदकीचा वाद घरच्यांना विचारल्याशिवाय आणि एक रात्र मध्ये गेल्याशिवाय मिटवू नका. घरच्या बायाबापड्यांनीही चिडचिड पोटात घालावी, टोमणे मारू नयेत. अगदीच जड गेले तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "तात्या, आडसाली ऊस दीड वर्ष सांभाळता. मग दहा मिनिटं जड का?"

तात्या हसले. खिशाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.