जुना ट्रॅक्टर : भंगार की विद्या?

‘छंद’ हा शब्द उच्चारताच पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, फुलझाडे, चित्रकला इत्यादी गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या सर्व छंदांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु आम्ही जो छंद लावून घेतला, त्याचे नाव ऐकून आमचे कित्येक सोबती हसले व काही पालकांच्या कपाळास आठ्या पडल्या. तो छंद म्हणजे बंद पडलेला जुना डिझेल ट्रॅक्टर दुरुस्त करून पुन्हा चालता करणे. हसणाऱ्यांचा आम्हांस राग नाही. प्रारंभी आम्ही स्वतःही साशंकच होतो. तथापि ज्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी शेती आहे, तेथे हा छंद हास्यास्पद तर नाहीच, उलट आपल्या शिक्षणातील एक मोठी उणीव दाखवून देणारा आहे, असे आमचे आता निश्चित मत झाले आहे. हे मत विद्यार्थिबंधुभगिनींपुढे, आणि विशेषतः त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम हकीकत सांगतो. आम्ही पाच जण. तीन मुलगे व दोन मुली. आमच्यापैकी एकाच्या मामांचे शेत दिग्रसच्या बाजूस आहे. तेथे गोठ्यामागे, बाभळीच्या झाडाखाली, बी-275 जातीचा एक ट्रॅक्टर अकरा वर्षे उभा होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने महिंद्र अँड महिंद्र व व्होल्टास यांच्या भागीदारीत 1963 साली आपल्या देशात ट्रॅक्टरची जी कंपनी काढली, तिचे हे अपत्य. मामांच्या वडिलांनी तो जुनाच विकत घेतला होता. वडील गेले, इंजिन बसले, आणि पुढे त्याकडे कोणी पाहिले नाही. धुराड्यात चिमण्यांनी घरटे केले होते. मागच्या चाकांवर वेल चढले होते. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता. आम्ही आमचा विचार बोलून दाखविला, तेव्हा मामा हसून म्हणाले, “पोरंहो, कराचं असंन तं करा, पण मले पैसा मांगू नका.”

ही अट आम्हांस फार हितकारक ठरली. दिवाळीच्या सुटीत आम्ही आपापल्या घरच्या शेतांत कापूस वेचला आणि वेचणीची जी मजुरी घरच्यांनी दिली, ती एका डब्यात टाकली. पाने, रॉकेल, गॅसकेट, पिस्टनच्या रिंगा, सारे त्या डब्यातून झाले. डबा रिकामा झाला की काम थांबे. मार्गदर्शनास गावातील एक वयोवृद्ध मिस्त्री लाभले. त्यांनी सबंध आयुष्य विहिरींवरील ऑइल इंजिने व ट्रॅक्टर यांच्या संगतीत घालविले आहे.

आता विद्येकडे वळू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे आम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले होते. पिस्टन वर येताना सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यात दाबली जाते. त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापते. आणि अशा तापलेल्या हवेत नोझलातून तुषाररूपाने उडालेले तेल आपोआप पेट घेते. हे उत्तर लिहून आम्ही पुरते गुणही मिळविले होते. परंतु प्रत्यक्ष इंजिनापुढे उभे राहिल्यावर कोणता नट प्रथम सोडवावा, हेही आम्हांस कळेना.

पहिला धडा धीराचा मिळाला. इंजिन जाम होते. मिस्त्रींनी नोझले काढून त्या भोकांतून आत रॉकेल व तेल यांचे मिश्रण ओतविले आणि आठ दिवस हात लावू नका, असे बजावले. आम्ही चौथ्याच दिवशी मोठा पाना घेऊन इंजिनाचे हेड सोडवू लागलो. एका बोल्टाचे डोके तुटून हाती आले आणि त्याचा देह आतच राहिला. तो भोक पाडून बाहेर काढण्यात आमचे तीन रविवार गेले. चार दिवसांच्या उतावळेपणाचे हे व्याज! मिस्त्री रागावले नाहीत. तुटलेला तो बोल्ट त्यांनी आमच्या पैशांच्या डब्यातच ठेवून दिला. पैसा काढावयास हात घालावा की तो हाती लागे.

दुसरा धडा मात्र आम्ही जन्मभर विसरणार नाही. रिंगा बदलल्या, हेड बसविले, टाकी धुतली, नवे डिझेल भरले, बॅटरी जोडली. इंजिन फिरे, खोकल्यासारखा आवाज करी आणि थांबे. दोन दिवस हीच कथा. तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले, डोळे मिटून क्षणभर तो आवाज ऐकला आणि म्हणाले, “हवा धरली हाय त्यानं.” त्यांनी पंपावरील एक स्क्रू सैल केला व हातपंप दाबावयास सांगितले. प्रथम फेसाळ तेल बाहेर आले, मग बुडबुडे, आणि अखेर तेलाची अखंड धार लागली. स्क्रू आवळला. पुढे नोझलाकडे जाणाऱ्या नळ्यांचे नटही तसेच सैल करून पुन्हा घट्ट केले. इंजिन लागले! काळा धूर, पांढरा धूर आणि चिमण्यांच्या घरट्यातील उरल्यासुरल्या काड्या धुराड्यातून एकदमच उडाल्या. तो दिवस पोळ्याच्या आदल्या दिवसाचा होता.

रात्री घरी आल्यावर आमच्यातील एका मैत्रिणीने प्रश्न केला की, बुडबुड्याने एवढे बलाढ्य इंजिन अडावे का? उत्तर आमच्या पुस्तकात होते. द्रवपदार्थ दाबल्याने जवळजवळ आकुंचन पावत नाही. हवा मात्र पावते. नळीत हवा शिरली की पंपाचा सारा दाब त्या बुडबुड्यास आवळण्यातच खर्च होतो, आणि नोझल उघडण्यास लागणारा दाब त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. हवेचा जो गुण सिलिंडरात इंजिनास चालवितो, तोच गुण तेलाच्या नळीत इंजिनास बंद पाडतो! बॉइलचा नियम आम्ही पाठ म्हणत होतो. परंतु दोन दिवस डोके खाजवूनही तो येथे लागू आहे, असे आम्हां पाचांपैकी एकाच्याही मनात आले नाही. उलट मिस्त्रींस बॉइल कोण हे ठाऊक नव्हते. पण रोगाचे निदान त्यांनी कानाने केले. दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून त्यांस तो नियम समजावून सांगितला, तेव्हा ते बराच वेळ दट्ट्या खालीवर करीत बसले व म्हणाले, “चाळीस वर्षं हेच करत आलो, काहून होते ते आज समजलं.”

वाचकहो, आमच्या मते या एका प्रसंगात आपल्या शिक्षणाचे सारे दुखणे आले आहे. ज्यास ‘का’ ठाऊक, त्याच्या हाती पाना नाही. ज्याच्या हाती पाना, त्यास ‘का’ कोणी सांगितले नाही. विद्या अशी दुभंगली, म्हणूनच मामांच्या ट्रॅक्टरसारखी यंत्रे गोठ्यामागे गंजतात आणि शिकलेला मुलगा नोकरीसाठी शहरात अर्ज करीत फिरतो. जुने यंत्र दुरुस्त करण्याचा छंद ही दोन शकले एकत्र आणतो, हा त्याचा खरा लाभ होय.

काही पालक म्हणतील की, “मिस्त्रीचा धंदा शिकविण्यासाठी का आम्ही मुलांस हायस्कुलात घातले?” त्यांस आमची नम्र विनंती आहे की, त्यांनी कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र मुलांच्या हाती द्यावे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी बेळगावास सायकलींचे दुकान चालविले, पुढे लोखंडी नांगर घडविले. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी ते नांगर प्रथम घेईनात. तरी त्यांनी धीर सोडला नाही. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, आणि 1946 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची डिझेल इंजिने पुढे गावोगावच्या विहिरींवर धडधडू लागली. हात काळे झाले म्हणून त्यांची विद्या कमी झाली, असे कोणी म्हणेल काय? स्वतः रुडॉल्फ डिझेल यांचे प्रयोगही 1893 पासून फसतच होते. 1897 साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन खऱ्या अर्थाने यशस्वी झाले.

दुसरा आक्षेप असा की, जुने ते टाकावे, नवे घ्यावे; दुरुस्ती हे दरिद्री माणसाचे काम. परंतु आपल्या देशातील ट्रॅक्टरच्या नांगरणीचा पहिला मोठा उद्योगच दुरुस्तीवर उभा राहिला, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने येथे टाकलेले जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून भारत सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना चालविली व मध्य प्रांतासारख्या प्रदेशांत कांसगवताने गिळलेल्या जमिनी नांगरून काढल्या. पुढे 1949 साली शेतीच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेचे एक कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. म्हणजे आधी दुरुस्ती, मग नवी खरेदी! आणि इतके दूर तरी कशास जावे? यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आपली शकुंतला आठवावी. 1921 साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत गाडी ओढीत होते, आणि मगच डिझेल इंजिनाने त्याची जागा घेतली. आता ती गाडीही थांबली आहे. परंतु सत्तर वर्षे एक यंत्र कामावर ठेवणारे ते हात कोणत्या विद्वानाहून कमी होते?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मात्र आम्हांस मान्य आहे. आमच्या पदरचा खर्च भंगारवाल्याने सांगितलेल्या किमतीहून अधिक झाला, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. या छंदात नफा नाही. जुना ट्रॅक्टर शेतकऱ्यास तारील, असेही आमचे म्हणणे नाही; मामांच्या शेतात आजही बैलजोडी आहे, आणि जेथे तिचे काम आहे तेथे ती हवीच. कर्जाने आपल्या जिल्ह्यातील किती घरे बसली, हे येथील मुलांस वेगळे सांगावयास नको. म्हणून आमचा आग्रह आहे की, या छंदासाठी वडिलांस एक रुपयाही कर्ज काढावयास लावू नये. स्वकष्टाचा डबा जेवढा भरेल, तेवढेच काम करावे.

तसेच काही पथ्ये न पाळल्यास हा छंद जिवावर बेतेल. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या यंत्राखाली कधीही शिरू नये; भक्कम ठोकळे लावावेत. मागच्या फिरत्या दांड्याजवळ ओढणी, धोतर वा सैल बाही नेऊ नये. बंद खोलीत इंजिन चालवू नये. धुरातील विषारी वायूस वास नसतो. नोझलातून उडणारी तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाते, तिच्यापुढे बोट धरू नये. जाणत्या माणसावाचून काम करू नये, आणि परवान्याचे वय होईपर्यंत ट्रॅक्टर हाकण्याचा मोह धरू नये. आम्हीही तो धरला नाही. मामाच तो चालवितात.

अभ्यासाचे काय, असे पालक विचारतील. आम्ही रविवार व सुटीचे दिवस सोडून या कामास हात लावला नाही. गुण वाढले, अशी बढाईही मारीत नाही. मात्र आता पुस्तकातील नियम वाचताना, हा कोठे बरे लागू पडेल, असा प्रश्न मनात उभा राहतो. पूर्वी तो उभा राहत नसे.

असो. पोळ्याच्या दिवशी मामांनी बैलांची शिंगे रंगविली आणि उरलेल्या रंगाचे एक बोट ट्रॅक्टरच्या कपाळास लावले. यंदाचा कापूस शेतातून घरी आणण्याचे काम त्यानेच केले. आपल्या गोठ्यामागे, विहिरीवर वा माळवदावर असे एखादे यंत्र पडले असेल, तर ते वजनावर देऊन टाकण्यापूर्वी, पालकहो, आपल्या मुलामुलींस एकदा ते उघडून पाहू द्यावे; आणि मित्रहो, ते उघडताना गावातील वृद्ध मिस्त्रींस आदराने शेजारी बसवावे. त्यांच्याजवळ अर्धी विद्या आहे, आपल्याजवळ अर्धी. तो तुटका बोल्ट अजून आमच्या डब्यात आहे. पुढील इंजिन उघडू, तेव्हा तो पुन्हा हाताला लागेलच.