तपासणीचे पैसे आधी, दुरुस्तीचे नंतर



‘मुस्तफा’ आठवतोय? व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांनी खिशातली चिल्लर संपवली, त्यांना नक्की आठवेल. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 1993 चा गेम. आपल्याकडे तो त्यातल्या एका हिरोच्या नावानंच चालला. आता एखादा कॅफेवाला किंवा हौशी माणूस असा जुना बोर्ड बाहेर काढतो, तो बंद निघतो आणि मग दुरुस्त करणाऱ्याची शोधाशोध सुरू होते. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या आपल्या कोल्हापूरच्या पोरांना यात काम दिसतं. काम आहेच. पण “चालू झालं तरच पैसे द्या” हे वाक्य बोलून ते घेणार असाल, तर माझा ठाम विरोध आहे.

का, ते बोर्डवरच बघू. टेबलावर बोर्ड आला की पहिलं काम पाच व्होल्ट मोजायचं. सप्लायवर नाही, बोर्डवरच्या चिपच्या पायाशी. त्या काळातल्या टीटीएल चिपना साधारण 4.75 ते 5.25 व्होल्ट लागतात. जामा पद्धतीच्या बोर्डाला 56 पिनांचा कनेक्टर असतो, तो काळा पडला की तिथंच व्होल्ट गळतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर पडून राहिलेल्या बोर्डाचं तर विचारूच नका. नुसती पट्टी साफ केली तरी काही बोर्ड उठतात.

नाही उठला तर क्लॉक येतोय का बघायचं, मग रिसेटची पिन. ती सारखी वर-खाली होत असेल तर प्रोग्रॅम कुठंतरी अडकतोय आणि वॉचडॉग सर्किट बोर्डाला पुन्हा पुन्हा सुरू करतंय. मग रॉम काढून प्रोग्रॅमरवर वाचायच्या आणि ‘मेम’ या इम्युलेटरमधल्या चेकसमशी ताडायच्या. मग रॅम. तिथंही नाही सापडलं तर ऑसिलोस्कोपचा प्रोब घेऊन एकेक बारकी चिप. शेवटी निघते काय? एखादी किरकोळ किमतीची टीटीएल चिप. बदलायला पंधरा मिनिटं, शोधायला दोन दिवस.

आणि तुम्ही बिलावर काय लिहिता? ‘चिप बदलली’. गिऱ्हाईक म्हणतं, “एवढ्याशा चिपचे एवढे?” त्याचं काय चुकलं? तुम्हीच त्याला दोन दिवसांची शोधाशोध फुकट देऊन चिप विकलीत!

फुकट तपासणीत दुसरा धोका आहे, आणि तो गिऱ्हाइकाला आहे. फुकट बघणारा घाई करतो. मूळ ‘मुस्तफा’च्या बोर्डवर एक लिथियम बॅटरी असते. सांकेतिक प्रोग्रॅम उलगडायची किल्ली तिच्या जोरावर मेमरीत टिकून राहते. जुनी दिसली म्हणून विचार न करता ती उपटली की किल्ली गेली, आणि चालता गेम बंद. (बाजारातल्या नकली बोर्डांचं गणित वेगळं, म्हणून आधी बोर्ड ओळखायचा.) हे माहीत असणं, थांबून बघणं, हाच तुमचा माल आहे.

आता खरा बाजार कुठंय ते सांगतो. नुसत्या जुन्या गेमवर कोल्हापुरात दुकान चालेल असं मला वाटत नाही. पण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनं आहेत, इचलकरंजीत आधुनिक माग आहेत. त्यांच्या कार्डवरही सप्लाय, क्लॉक, रिसेट, मेमरी हाच क्रम. कित्येक सीएनसी कंट्रोलमध्ये पॅरामीटर बॅटरीवरच टिकतात. मशीन बंद असताना बॅटरी संपली की मशीन स्वतःची मापं विसरतं. गेमच्या बोर्डवर हात बसवा, पण पाटी मशीन कार्ड दुरुस्तीची लावा. तिथं मशीन उभं राहिलं की मालकाचं रोज नुकसान होतं, त्यामुळे नेमका दोष सांगणाऱ्याची किंमत त्याला कळते.

दर कसा ठेवायचा? समजा, तपासणी 500 रुपये. बोर्ड हातात घेतानाच घ्यायचे, परत न देण्याच्या बोलीवर. दुरुस्ती करायची ठरली तर हवं तर अंतिम बिलातून वजा करा. त्या बदल्यात गिऱ्हाइकाला एक कागद द्या: कुठं किती व्होल्ट मिळाले, कोणती रॉम खराब, काय बदलावं लागेल, खर्च किती, आणि सुटा भाग मिळेल की नाही. शेवटचा मुद्दा हलका घेऊ नका. कितीतरी जुन्या गेममधला झेड-80 प्रोसेसर झायलॉगनं 2024 मध्ये बंद केला, त्याच्या शेवटच्या ऑर्डर त्याच वर्षी जूनमध्ये घेतल्या. जुना साठा आणि नकली माल यातून निवड करायला आता वेळ जाणार, आणि तो वेळही तुमचाच.

“दादा, पलीकडचा फुकट बघतो,” असं गिऱ्हाईक म्हणणारच. हसून म्हणा, “दाखवा की त्यांना. त्यांनी काही भाग बदलला असेल तर येताना तेवढं लिहून आणा.” असा हात लागलेला बोर्ड परत आला तर तपासणीचा दर मी दीडपट ठेवीन. आधी दुसऱ्याचं सोल्डरिंग तपासायचं, मग मूळ दोषाकडे जायचं.