तीन पायांसाठी अख्खा बोर्ड कशाला?

अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या धक्क्यापासून आतल्या वाड्यांपर्यंत बंगले आणि होम-स्टे दाटले आहेत. त्यांतल्या अनेक दिवाणखान्यांत मोठा टीव्ही आणि वेगळा ॲम्प्लिफायर दिसतो. टीव्हीचा आवाज तांब्याच्या तारेऐवजी लाल प्रकाशाच्या बारीक केबलमधून ॲम्प्लिफायरकडे नेण्याची ही सोय तोशिबाने १९८३ मध्ये मुळात सीडी प्लेअरसाठी बाजारात आणली. त्या केबलच्या टोकाशी, टीव्हीच्या सर्किट बोर्डावर, नखाएवढा काळा ट्रान्समीटर असतो आणि त्यातला एलईडी सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो. हा स्वस्तातला भाग बिघडला की बहुधा अख्खा बोर्ड बदलायला सांगतात, आणि तो खर्च ऐकून गिऱ्हाईक नवा संचच घेते. खाऱ्या हवेच्या किनाऱ्यावर ही पद्धत परवडणारी नाही. सुटा भाग झाळून बदलणारे हात इथेच तयार व्हायला हवेत.

हे काम अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. या ट्रान्समीटरला विजेचे पाय सहसा तीनच असतात: एक पुरवठ्याचा, एक ग्राउंडचा आणि एक सिग्नलचा. सॉकेटच्या तोंडाशी लाल उजेड दिसला तर एलईडी जिवंत आहे, म्हणजे दोष केबलमध्ये किंवा पुढे शोधायचा. उजेड नसेल तर मल्टिमीटरने पुरवठा तपासायचा. पुरवठा ठीक असेल तर पुष्कळदा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, सापडतो, कारण केबल खुपसता-उपसताना सगळा ताण याच टाक्यांवर येतो. अशा वेळी भागही बदलावा लागत नाही, टाका नव्याने दिला की पुरते. भाग बदलायचाच असेल तर तो ३.३ व्होल्टचा की ५ व्होल्टचा हे आधी पाहायचे, पुरवठ्याच्या पायालगतचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर शाबूत ठेवायचा आणि सोल्डरिंग आयर्न काही सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचे नाही, नाहीतर प्लास्टिकचे घर वितळून आतला नेम चुकतो. झाळताना वापरलेला फ्लक्स उरला तर खारट ओल तिथेच धरते आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. म्हणून टाके ब्रशने पुसायचे, पण भाग द्रावणात बुडवायचा नाही, आणि शेवटी सॉकेटचे तोंड झाकून बोर्डावर संरक्षक लॅकरचा हात द्यायचा. शेवटच्या दोन पायऱ्या कोरड्या हवेच्या गावात गाळल्या तरी एखादवेळ खपते, मांडव्यात नाही.

एचडीएमआय आल्यावर या जुन्या जोडणीचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. नव्या, भारी ध्वनिप्रकारांपुरते ते खरे आहे. पण एचडीएमआयची नेहमीची केबल तांब्याची असते. टीव्ही, डिश, इन्व्हर्टर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या अर्थिंगवर असले की त्या तांब्यातून घुरघुर शिरते, आणि पावसाळ्यातल्या विजांचा झटकाही त्या वाटेने एका संचातून दुसऱ्यात जाऊ शकतो. प्रकाशाची केबल वीज वाहतच नाही. मेन लाइनचा धोका उरतो, पण ही एक वाट तरी बंद होते. विजेच्या उपद्रवापासून नाजूक यंत्रणा दूर ठेवण्याची निकड या तालुक्याला नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागलाच हलवली गेली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मजुरीपेक्षा नवा साउंडबार स्वस्त पडतो आणि अर्धवट कारागिराने टीव्ही उघडणे धोक्याचे असते. धोका खराच, कारण पॉवर सप्लायचे कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही भरलेले राहतात. त्यावर उतारा प्रशिक्षणाचा आहे, दुरुस्ती बंद करण्याचा नव्हे. आणि खर्चाचा हिशेब एका साउंडबारवर मांडून चालत नाही. जो हात तीन पाय नीट झाळतो, तोच पाणीपंपाचा कंट्रोलर, इन्व्हर्टर आणि कोळ्यांच्या होडीवरचा जीपीएस किंवा फिशफाइंडर दुरुस्त करू शकतो. तीच खारी हवा ते बोर्डही खाते आणि तिथे बिघाडाची किंमत करमणुकीपुरती राहत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच बंद असतात. मुंबईची रो-रो बोट २०२० पासून आहे, तरी प्रत्येक बिघाड मुंबईला पाठवणे हा काही उपाय नव्हे.

केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. पण सर्किटचा नकाशा आणि सुटा भाग गावच्या मेकॅनिकच्या हाती येत नाही तोवर हक्क कागदावरच राहणार. कंपन्यांनी हे दोन्ही वाजवी दरात द्यावे, अशी सक्ती हवी. किनारपट्टीच्या आयटीआयमधल्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात खाऱ्या हवेतले बोर्ड साफ करणे, झाळणे आणि लॅकर देणे याचा सक्तीचा सराव हवा. हा अभ्यासक्रम केंद्र ठरवते, पण सरकारी आयटीआय राज्य चालवते. अशा सरावाची सुरुवात करायला दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही.