संशोधनविषयाची हद्द

पदव्युत्तर वर्गांचे दुसरे वर्ष सुरू झाले की विद्यापीठांच्या विभागांतून विषयांची शोधाशोध सुरू होते, कारण संशोधन प्रकल्पाचा विषय ठरवून, मार्गदर्शकाची सही घेऊन, आराखडा ठरावीक तारखेच्या आत सादर करावयाचा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हा प्रकल्प अभ्यासक्रमाचा श्रेयांक असलेला भाग झाला असून, पदवीच्या चौथ्या वर्षीही संशोधनासह ऑनर्स घेण्याची सोय झाली आहे; त्यामुळे जो प्रश्न पूर्वी एम.फिल. किंवा पीएच.डी.च्या वेळी पडत असे, तो आता विशी-एकविशीतल्या विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. त्याच्या उत्तरासाठी त्याला मिळतात दोन-तीन आठवडे, आणि बऱ्याच ठिकाणी मार्गदर्शकाच्या टेबलावरची गेल्या वर्षीची यादी.

विद्यार्थी जे घेऊन येतो, तो बहुधा विषय नसतो, क्षेत्र असते. क्षेत्र म्हणजे ज्यात शेकडो प्रश्न विचारता येतात असा ज्ञानाचा पट्टा, आणि विषय म्हणजे त्या पट्ट्यात विचारलेला असा एक प्रश्न, ज्याचे उत्तर आधीपासून ठाऊक नाही, परंतु हाताशी असलेल्या साधनांनी आणि मिळालेल्या वेळात ते शोधता येण्याजोगे आहे. ‘मराठी वृत्तपत्रांचे समाजप्रबोधनातील योगदान’ हे शीर्षक या कसोटीवर दोन्ही बाजूंनी उणे पडते. १८३२ च्या ‘दर्पण’पासून १९२० च्या ‘मूकनायक’पर्यंतचाच विस्तार पाहिला तरी तो एका वर्षात वाचून होणारा नाही, आणि योगदान होते हे शीर्षकातच मान्य केलेले असल्याने शोधण्यासारखे काही उरत नाही, उरते ती केवळ उदाहरणांची जमवाजमव. अशा शीर्षकाला शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ अशी शेपटी जोडण्याची जी रीत मराठी विभागांत रुजली आहे, तिने चिकित्सा वाढल्याचे दिसत नाही.

क्षेत्रातून विषय कसा काढावा याचे एक उत्तम उदाहरण विद्यार्थ्यानेच लिहिलेल्या एका निबंधात सापडते, आणि त्या निबंधाची कीर्ती मोठी असली तरी विषयनिवडीच्या अंगाने तो फारसा वाचला जात नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर एक निबंध वाचला, जो पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जात या क्षेत्राएवढे अफाट क्षेत्र भारतीय समाजाच्या अभ्यासात दुसरे क्वचितच असेल. त्यात धर्मग्रंथ आहेत, व्यवसाय आहेत, सोवळे-ओवळे आहे, वंशाविषयीच्या त्या काळच्या कल्पना आहेत, आणि निबंध लिहिणाऱ्याने स्वतः सोसलेली अस्पृश्यताही आहे. आंबेडकरांनी प्रारंभीच या विस्ताराची जाणीव देऊन, वेळेच्या आणि आवाक्याच्या मर्यादेमुळे आपण उत्पत्ती, यंत्रणा आणि प्रसार एवढ्याच बाबी घेत आहोत, आणि एखादा मुद्दा स्पष्ट करण्यास आवश्यक असेल तेवढ्यापुरतेच बाहेर जाणार आहोत, असे सांगून टाकले आहे.

मात्र खरी निवड त्या घोषणेत नसून पुढच्या काही पानांत आहे. तेथे आधीच्या चार अभ्यासकांच्या, म्हणजे सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या, जातीच्या व्याख्या समोर ठेवून प्रत्येकीत कार्य कोणते आणि कारण कोणते याची छाननी केली आहे. सेनार्टचा भर विटाळाच्या कल्पनेवर होता. ती जातीचे अंगभूत लक्षण नसून जातीला आलेल्या धार्मिक रंगापुरतीच खरी आहे, असे आंबेडकर दाखवतात. नेसफिल्डने रोटीबंदी, म्हणजे परजातीत न जेवणे, हे लक्षण मानले होते. त्यावर हा बंदिस्तपणाचा परिणाम असून नेसफिल्डने त्यालाच कारण समजण्याची चूक केली, असा आक्षेप आहे. रिस्लेजवळ नवे काही नाही म्हणून तो चटकन बाजूला होतो. केतकरांनी दोन लक्षणे सांगितली होती : सभासदत्व जन्मानेच मिळणे आणि गटाबाहेर विवाहास बंदी असणे. ही दोन लक्षणे वेगळी नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, कारण बाहेर विवाह करता येत नसेल तर बाहेरचा माणूस आत जन्माला येणारच नाही, हे लक्षात आणून देऊन आंबेडकर एकाच लक्षणावर येऊन थांबतात. ते म्हणजे अंतर्विवाह, अर्थात स्वतःच्या गटातच लग्न करण्याचे बंधन.

क्षेत्र येथे विषयात रूपांतरित झाले, कारण आता विचारायचा प्रश्न एका वाक्यात मावतो : गोत्राबाहेर लग्न करण्याची, म्हणजे बहिर्विवाहाची, चाल मुळात रूढ असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला, तर तो टिकवला कसा जातो? प्रश्न असा मांडताच त्यातून एक हिशेब निघतो. गट बंद ठेवायचा तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष संख्येने समान राहिले पाहिजेत. नवरा आधी मेला तर एक स्त्री अतिरिक्त होते, बायको आधी मेली तर एक पुरुष, आणि या अतिरिक्तांची व्यवस्था लावली नाही तर ते गटाची हद्द ओलांडतील किंवा गटातल्याच दुसऱ्याच्या वाट्याला येणारा जोडीदार घेतील. सती आणि सक्तीचे वैधव्य ही स्त्रीबाबतची व्यवस्था, तर सक्तीचे ब्रह्मचर्य किंवा अजून लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलीशी विवाह ही पुरुषाबाबतची. ज्या चालींवर तोवर धर्म, करुणा किंवा संताप यांच्या भाषेत बोलले जात होते, त्या येथे एका यंत्रणेचे भाग म्हणून समजतात, आणि त्या चालींचे गोडवे गाणारे तत्त्वज्ञान मागाहून आले, असेही सांगता येते. ही उपपत्ती सर्वांना मान्य व्हावी असे नाही. महत्त्वाचे एवढेच की ती तपासता येते, तिच्याविरुद्ध पुरावा कोणता असू शकेल हे सांगता येते, आणि ती चुकीची ठरली तर आपण ती सोडू, असे निबंधाच्या शेवटी लेखकाने स्वतःच लिहिले आहे.

याच क्षेत्रात त्याआधी सात वर्षे एका दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने वेगळी हद्द आखली होती. पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक म्हणून प्रसिद्ध झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते, आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जातिविषयक ग्रंथाच्या उपशीर्षकातच इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील भारतीय समाजस्थितीविषयी मनुस्मृतीतून मिळणारा पुरावा, अशी मर्यादा नोंदलेली आहे. मनुस्मृतीचा काळ त्यांनी धरला तोच मानावा की नाही हा वाद वेगळा. एक ग्रंथ आणि एक शतक ही हद्द मात्र स्पष्ट होती. केतकरांनी साधनाने हद्द आखली, आंबेडकरांनी यंत्रणेने. आणि दुसऱ्याचा निबंध पहिल्याच्या व्याख्येवर उभा राहिला. आपल्या आराखड्यात ‘या विषयावर यापूर्वी कोणीही संशोधन केलेले नाही’ असे अभिमानाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हे विसरू नये, कारण ज्या जागी कोणीच गेलेले नाही तेथे बहुधा प्रश्नही तयार झालेला नसतो. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात आता घरबसल्या पाहता येतात. तेथे जाऊन आपला विषय कोणी घेतला नाही याची खात्री करण्याऐवजी, घेतलेल्याने तो कोठे सोडला हे पाहणे अधिक उपयोगाचे.

काळाची हद्द हा स्वतंत्र मुद्दा आहे, कारण ती आखण्यातच सर्वाधिक निष्काळजीपणा होतो. ‘१९५० ते २०००’ असे गोल आकडे आराखड्यांत सर्रास आढळतात, पण त्या दोन वर्षी अभ्यासवस्तूच्या बाबतीत काय घडले याचे उत्तर देता येत नाही. आंबेडकरांचा कोलंबियाचा पीएच.डी.चा प्रबंध, जो १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला, तो १८३३ पासून सुरू होतो, कारण त्या वर्षीच्या सनदी कायद्याने प्रांतांचे आर्थिक अधिकार काढून ते केंद्राकडे दिले. त्यातला पहिला मोठा टप्पा १८७१ मध्ये संपतो, कारण लॉर्ड मेयोच्या योजनेने काही खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. आणि विवेचन १९१९ च्या कायद्याने झालेल्या फेरबदलापाशी पोहोचते. म्हणजे तारखा अभ्यासवस्तूनेच दिल्या आहेत.

आजच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण फार उंचीवरचे वाटेल, म्हणून तीच पद्धत त्याच्या गावाशी लावून पाहणे इष्ट. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी टोळ्या निघतात, आणि त्यांवर दर वर्षी ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ या शीर्षकाचे प्रकल्पही निघतात, ज्यांत निवारा, आरोग्य, मुलांचे शिक्षण आणि व्यसन यांची प्रकरणवार नोंद होऊन शासनाने लक्ष द्यावे अशी शिफारस केलेली असते. या क्षेत्रातही यंत्रणेचा प्रश्न विचारता येतो. नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून एकक धरली जाते, मुकादम हंगामाआधी ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो, आणि ती तोडीच्या मजुरीतून वळती होते; मग हंगाम संपताना उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीचा व्यवहार कोणत्या अटींवर ठरतो, आणि जोडीपैकी एक जण आजारी पडला किंवा मरण पावला तर त्या बाकीचे काय होते? एका गावातल्या मोजक्या कुटुंबांशी आणि दोन-चार मुकादमांशी नीट बोलून याचे उत्तर मिळवता येईल, आणि हंगामाबाहेरचे महिने त्यासाठी उपलब्ध आहेत. अर्थात कर्जाविषयी बोलणाऱ्या मजुराचे नाव-गाव उघड झाल्यास त्याचे नुकसान होऊ शकते, त्यामुळे संमती आणि गुप्तता यांचा विचार विषय ठरवतानाच झाला पाहिजे. ते जमणार नसेल तर विषय कितीही चांगला असला तरी त्या विद्यार्थ्यासाठी तो योग्य नाही.

साधनांचा निकष असाच विद्यार्थ्यागणिक बदलतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात विषयांची वाण नाही, परंतु ज्याला मोडी वाचता येत नाही त्याने तेथील विषय घेऊन छापील निवडक कागदांवर भागवायचे ठरवले, तर आधी कोणी तरी केलेल्या निवडीचाच तो अभ्यास ठरतो. उलट एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांवर काम करू इच्छिणाऱ्याला शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची सूची चाळूनच आपल्या विषयाचा पैस किती हे काही दिवसांत कळू शकते.

येथे एक उलटी चूकही नोंदवली पाहिजे. विषय लहान करा या उपदेशाचा अर्थ अनेकांनी भूगोल लहान करणे असा घेतला आहे, आणि त्यातून अमुक तालुक्यातील अमुक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा मोबाइल वापर, अशा पाहण्या निघतात, ज्यांत ऑनलाइन प्रश्नावली मित्रांना पाठवून टक्केवारीची वर्तुळे काढलेली असतात. येथे हद्द आहे, प्रश्न नाही. मोबाइल किती तास वापरला जातो हे कळल्याने कोणती समजूत बदलणार, हे विचारले की गप्प बसावे लागते. आंबेडकरांनी भूगोल लहान केला नव्हता, निबंध सगळ्या भारताविषयी होता. त्यांनी लहान केला तो प्रश्न.

विद्यापीठांच्या आराखड्यात ‘व्याप्ती आणि मर्यादा’ असा एक मथळा असतो, जो शेवटी, बहुधा मागच्या प्रकल्पावरून उतरवून, भरला जातो, आणि ज्यात वेळेअभावी सर्व बाबींचा समावेश करता आला नाही असे वाक्य येते. मार्गदर्शकांनी विषयाचे शीर्षक मागण्यापूर्वी हा एकच परिच्छेद मागावा : काय घेतले, काय वगळले, आणि वगळल्याने उत्तर कोठे अपुरे राहील. आंबेडकरांनी १९१६ मध्ये बाजूला ठेवलेले प्रश्न पुढे त्यांच्याच १९४६ च्या शूद्रांवरील आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथांचे विषय झाले.