दुरुस्तीचा अधिकार

जुनी जर्मन मोटार घरीं दुरुस्त करणें हा निव्वळ हट्ट होय, असें शहाणे आम्हांस सांगतात. पुण्याजवळ १९९५ पासून जर्मन मोटारी जुळत आहेत. मग त्यांची विद्याच परकी कां? दिघीचा खारा वारा लोखंड खातो, त्याबद्दल तक्रार नाहीं. पण बोल्टाच्या डोक्यांत सहा टोकांचा तारा कोरायचा, त्याचा पाना गांवांत मिळूं नये, आणि दुरुस्तीचें पुस्तक मागतांच विक्रेत्यानें 'तें अधिकृत कारागिरांपुरतें' म्हणावें! गीतेवरचें संस्कृताचें कुलूप ज्ञानदेवांनीं शके १२१२ मध्यें काढलें. येथें एका बोल्टासाठीं एवढें सोंवळें! केंद्र सरकारनें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिती नेमली, तिच्या विचारांत मोटारीही होत्या. समित्या पुष्कळ झाल्या. मोटार विकणारानें तिचें पुस्तक व हत्यारें खुल्या बाजारांत ठेवलींच पाहिजेत, अशी कायद्यानें सक्ती करा. हात काळे करण्यास आम्ही तयार आहों.