मान ठेवा, पण धनही द्या

मराठीत ‘मानधन’ हा भारी शब्द आहे. मानही आला, धनही आलं. प्रत्यक्षात लेख छापून आला की मान लगेच मिळतो (व्हॉट्सॲपवर कात्रण फिरतं, मावशीचा फोन येतो). धनाचा विषय काढला की मात्र समोरचा असा बघतो, जणू तुम्ही लग्नाच्या पंगतीत जेवणाचा हिशोब मागितलाय.

तर मंडळी, या शनिवारचा विषय: स्वतःच्या अनुभवांवर आणि मतांवर लिहिलेल्या लेखांचे पैसे मागावेत का? आणि ते मिळतात कुठे?

विषय डोक्यात घुसला तो अक्कलकुव्यामुळे. नंदुरबार जिल्ह्यातला, गुजरातच्या सीमेला लागून असलेला हा सातपुड्यातला तालुका. आमच्या टीममधला एक मुलगा तिथल्या पाड्यावरचा. घरी देहवाली भिली, शाळेत मराठी, ऑफिसात इंग्रजी. आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत जायचे आणि हा आश्रमशाळेत राहायचा, त्या वर्षांवर त्याने दीड हजार शब्द लिहिले. एका पुरवणीला लेख फार आवडला. ‘अस्सल आहे हो, फोटो पाठवा!’ याने मानधनाचं विचारलं. उत्तर आलं, ‘नवोदितांना देत नाही, पण तुमचं नाव होईल.’

तो मला म्हणाला, ‘दादा, नाव तर मला आईबापानं आधीच दिलंय.’

लेख त्याने दिला नाही. माझ्या मते बरोबर केलं, आणि ते का, हेच आज सांगायचंय.

अक्कलकुव्याबद्दल कमी लिहिलं गेलंय असं अजिबात नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं पहिलं गेलेलं मणिबेली याच तालुक्यातलं. १९९४ साली जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं म्हणून जगभरच्या संघटनांनी जो जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं गेलं ‘मणिबेली जाहीरनामा’. कुपोषणावर बातम्या येतात, स्थलांतरावर प्रबंध होतात, काठीच्या राजवाडी होळीला दरवर्षी कॅमेरे पोचतात. यात बातमीदाराला पगार असतो, संशोधकाला फेलोशिप असते, फोटोग्राफरला फोटोचे पैसे मिळतात. मिळायलाच हवेत, कष्ट आहेत त्यात. पण जो ते जगला, त्याने स्वतः लिहिलं की ते ‘अनुभवकथन’ होतं आणि फुकट होतं. हे काय गणित आहे?

याच जिल्ह्यातले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता प्रसिद्ध आहे. आमचंच दुःख आम्हाला स्टेजवरून सांगितलं जातं आणि आम्ही खालीच बसून राहतो, असा तिचा आशय. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. आता स्टेजवर बोलावतात हे खरं, पण गाडीभाडं स्वतःचं!

आता आपल्याकडे वळू. महिन्याच्या शेवटी पगार जमा होणारा माणूस वीकेंडला हौसेने लिहितो. स्वतःच्या पानावर फुकट लिहिलं तर काहीच बिघडत नाही, तिथे कुणी कमावत नाही. पण जाहिराती घेणाऱ्या पुरवणीला किंवा पोर्टलला आपण सगळे फुकट लेख देऊ लागलो की तिथला बाजारभाव शून्य होतो. मग लिहिणं परवडतं कुणाला? ज्याला दुसरा पगार आहे त्याला. ओपन सोर्सचं उदाहरण घ्या. कोड फुकट वाटणारा बहुतेक वेळा कुठेतरी पगारावर असतो. ज्याला शनिवार-रविवारीही मजुरीवर जावं लागतं तो त्या यादीत दिसत नाही. लेखनाचंही तेच. मानधन नाकारणं म्हणजे नुसती काटकसर नव्हे, ती चाळणी आहे. कोणाचा अनुभव छापून यायचा, हे ती ठरवते.

‘अहो, पण मासिकांकडे पैसेच नसतात!’ मान्य. वर्गणीवर चालणारी, संपादकच प्रुफं तपासणारी कितीतरी नियतकालिकं आहेत. त्यांना मी मोकळ्या मनाने फुकट देईन. माझी कसोटी सोपी आहे: कागदवाल्याला पैसे मिळतात का? प्रेसला? डिझायनरला? जाहिराती आणणाऱ्याला? या सगळ्यांना मिळत असतील आणि फक्त लेखकाला मिळत नसतील, तर अडचण पैशाची नाही, सवयीची आहे.

बरं, मिळतात कुठे? थोडं कामाचं बोलू.

एक, दिवाळी अंक. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची ही परंपरा. अंक दिवाळीत येतो, पण विषय पावसाळ्यातच ठरतात. ऑक्टोबरात लेख पाठवून उपयोग नाही. जूनमध्येच दोन परिच्छेदांचा प्रस्ताव पाठवा.

दोन, आकाशवाणी. भाषणाचं मानधन करारपत्रावर लिहून देण्याची पद्धत तिथे जुनी आहे. रक्कम मोठी नसते, पण लाजत विचारावं लागत नाही.

तीन, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. पहिल्या पुस्तकासाठी आहे. लेख साठत गेले तर ही वाट लक्षात ठेवा.

चार, इंग्रजी. अमेरिकेत वैयक्तिक निबंधाला चांगली मागणी आहे. न्यूयॉर्क टाइम्सचं ‘मॉडर्न लव्ह’ सदर २००४ पासून अशाच लेखनावर उभं आहे आणि लेखकाला पैसे देतं. तिथे स्पर्धा जबरदस्त, पण दर विचारणं तिथे उद्धटपणा समजला जात नाही. आपण तेवढं तरी आयात करू!

आणि कुठेही पाठवण्याआधी तीन प्रश्न ईमेलवरच विचारा: किती? कधी? हक्क कोणाकडे? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे ‘छापला म्हणजे आमचा झाला’ हे नुसतं तोंडी म्हणणं आहे. तोच लेख पुढे पुस्तकात घेता येतो, अनुवाद करून देता येतो.

शेवटचं. ज्यांना पैशांची गरज नाही त्यांनीही मागावेत, हवं तर नंतर दान करावेत. पगारदाराने पाचशे रुपये मागितले की पुढच्या माणसाला पाचशे मागताना अवघडल्यासारखं होत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्याबद्दल वाचायला आपल्याला आवडतं. त्यांचं लिहिलेलं वाचायचं असेल, तर त्या लिहिण्याची मजुरी द्यायची तयारी हवी.

बघा पटतंय का. पुढच्या वेळी कुणी ‘छान लेख आहे, छापतो’ म्हणालं, तर आनंदाने ‘हो’ म्हणा आणि लगेच विचारा, ‘मानधन किती?’